बंगला, तांडा आणि कुत्रा

१९०३ साली लंडनच्या केनेल क्लबने लॅब्रॅडॉर ही कुत्र्यांची स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. त्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. आदल्या वर्षी निजामाने तो सालिना पंचवीस लाखांच्या बोलीवर इंग्रजांना कायमचा लावून दिला होता. पुसद तेव्हा यवतमाळातही नव्हते. ते वाशीम जिल्ह्यात होते आणि १९०५ मध्ये तो जिल्हाच मोडल्यावर यवतमाळच्या वाट्याला आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण आज पुसदला संध्याकाळी जो कुत्रा मालकाला ओढत ओढत फिरायला नेतो, तो पुष्कळदा लॅब्रॅडॉर असतो. आणि ज्या मुलखात हा परका कुत्रा इतका सुखात आहे, तिथला एके काळचा नामांकित कुत्रा मात्र इथल्या पोरांना चित्रातही ओळखू येत नाही. हे असे कसे झाले, ते या पुस्तकात सांगायचे आहे.

काळ मी साधारण १८७० ते १९१४ असा धरला आहे. म्हणजे व्हिक्टोरिया राणीची अखेरची तीस वर्षे, सातव्या एडवर्डची नऊ आणि महायुद्धापर्यंतची पुढची चार. आपल्या इतिहासात हा काळ कापसाचा, रेल्वेचा, प्लेगचा, दुष्काळाचा आणि काँग्रेसचा. त्यात कुत्र्यांचे काय घेऊन बसलात, असे मला पुष्कळांनी विचारले. माझे उत्तर एवढेच की, कुत्र्याबद्दल आज आपण जे जे गृहीत धरून चालतो, म्हणजे जातिवंतपणाचा कागद, प्रदर्शने, पट्टा आणि परवाना, दुकानातले बिस्किट, चावल्यावरची लस, ते जवळजवळ सगळे याच चार दशकांत आकाराला आले. लोक कुत्रे हजारो वर्षे पाळत आले. कुत्र्याची वंशावळ वहीत लिहून ठेवणे मात्र आपल्या पणजोबांच्या वेळचे आहे.

आपल्याकडे त्याआधी कुत्रा नव्हता असे नाही. तो फार होता, आणि फार विचित्र मानाने होता. पुसदहून माहूर हाकेच्या अंतरावर. तिथे दत्तशिखरावर जाणाऱ्या माणसाला दत्ताच्या पायाशी चार कुत्रे दिसतात आणि ते चार वेद आहेत हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. तोच माणूस गड उतरल्यावर देवळाच्या पायरीवर चढू पाहणाऱ्या कुत्र्याला ‘हाड्’ म्हणून काठी उगारतो. खंडोबाचा कुत्रा पूजेत, गावातला कुत्रा उकिरड्यावर. महानुभावांच्या लीळाचरित्रात पारध्यांनी सशामागे कुत्री सोडल्याची आणि तो ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येऊन दडल्याची लीळा आहे. म्हणजे तेराव्या शतकात या भागात शिकारीसाठी तयार केलेली कुत्री होती आणि त्यांच्यावर पैजाही लागत. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखवतात. मुंबईत तर १८३२ च्या जून महिन्यात, सरकारी शिपाई मोकाट कुत्री मारत सुटले म्हणून पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दोन दिवस शहराचे व्यवहार अडले. मुंबईचा पांजरपोळ दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये निघाला, तो या प्रकरणातूनच. कुत्र्यासाठी दंगल करणारे शहर कुत्र्याबद्दल उदासीन होते असे कोण म्हणेल? पण यातल्या कोणीही कुत्र्याच्या आईबापांची नावे विचारली नव्हती.

वऱ्हाडात कुत्र्याला खरी किंमत होती ती तांड्यात. पुसद, दिग्रस, मानोरा, उमरखेड हा सगळा पट्टा गोर बंजाऱ्यांचा. पोहरादेवी इथून जवळ. रेल्वे येण्याआधी या मुलखातले मीठ, धान्य आणि कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जात असे. या वाहतुकीला लदेणी म्हणत. शेकडो, कधी हजारो बैलांची ती रांग रानातून चालायची, आणि फौजांची रसदही तिच्यावरच अवलंबून असायची. १८०३ च्या युद्धात वेलस्लीची दख्खनेतली सेना बंजाऱ्यांनी पोचवलेल्या धान्यावर जगली. मुक्काम पडला की गोण्या रचून ठेवायच्या, बैल आत घ्यायचे, आणि बाहेरच्या अंधाराची जबाबदारी कुत्र्यांची. वाघ, बिबट्या, लांडगा, चोर, आणि कधी दुसऱ्या तांड्याची माणसे, यांतला कोण येतो आहे हे भुंकण्यावरून ओळखणारे नाईक असत. दिवसा तोच कुत्रा ससा किंवा हरीण पाडून चुलीला हातभार लावी.

हा कुत्रा उंच, सडपातळ, लांबट तोंडाचा, खोल छातीचा, कानांवर आणि शेपटीवर केसांची झालर असलेला. इंग्रज शिकाऱ्यांच्या लिखाणात तो ‘ब्रिंजारी’ या नावाने येतो. नजरेने सावज धरून धावणाऱ्या, अरबस्तानापासून अफगाणिस्तानापर्यंत पसरलेल्या कुत्र्यांचा हा भाऊबंद दिसतो. सोलापूर, लातूर, विजापूरकडे ज्याला कारवान किंवा पश्मी म्हणतात त्याच्याशीही त्याचे जवळचे नाते असणार. पण त्याच्या जातीची सीमा कोणी आखली नव्हती. जो थकत नाही, पोरांना चावत नाही आणि रात्री झोपत नाही, त्याची पिल्ले ठेवायची. ज्याला हे जमत नाही त्याची ठेवायची नाहीत. एवढ्या एका नियमावर तो पिढ्यान् पिढ्या टिकला. निवड निष्ठुर होती, पण ती कामावर होती. कुत्र्याचा रंग काळा की कबरा, शेपटी किती वळलेली, याची चौकशी त्या निवडीत नव्हती.

मग रेल्वे आली. भुसावळहून नागपूरपर्यंतचा रूळ १८६७ मध्ये पूर्ण झाला, पाठोपाठ खामगाव आणि अमरावतीचे फाटे निघाले, आणि ज्या कापसासाठी लदेणी चालत होती तो कापूस वाघिणीत बसून मुंबईला जाऊ लागला. पुसदला स्वतःला रेल्वे मिळाली नाही, ती अजूनही वाटेवरच आहे. पण लदेणी मोडायला रूळ दारात यावा लागत नाही, तो चाळीस-पन्नास कोसांवरून गेला तरी पुरतो. तांडे थांबले. शेती धरली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी उरलेसुरले बैलही संपवले. गहुलीच्या ज्या तांड्यात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले, तो तांडा तोवर शेतकरी झालेला होता. माणसाला नवे काम मिळाले. कुत्र्याचे जुने काम गेले आणि शेताची जागल करायला उंच, वेगवान कुत्रा लागत नाही. भुंकणारा कोणताही पुरतो. या पुस्तकातले पहिले प्रकरण इथे सुरू होते, लंडनला नाही, याचे कारण हेच.

आता लंडन. कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन १८५९ च्या जूनमध्ये न्यूकॅसलला भरले. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर, म्हणजे बंदुकीच्या शिकारीत लागणारे कुत्रे होते, आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या होत्या. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हा नाद इतका वाढला की प्रदर्शनांत लबाडी, रंगवलेले कुत्रे, बदललेली नावे यांचा सुकाळ झाला. म्हणून १८७३ मध्ये एस. ई. शर्ली नावाच्या खासदाराने पुढाकार घेऊन केनेल क्लब काढला आणि १८७४ मध्ये कुत्र्यांची पहिली वंशावळ-वही छापून निघाली. गोष्ट दिसायला साधी आहे, पण तिने सगळे पालटले. वही उघडल्याबरोबर ती बंदही होते. ज्यांचे आईबाप वहीत, त्यांचीच पिल्ले वहीत. बाहेरचे रक्त आत येत नाही. कुत्रा काय करतो यापेक्षा कागदावर ठरवलेल्या वर्णनाशी तो किती जुळतो, हे महत्त्वाचे झाले. तपासायला पंच आले, पंचांना मोजता येईल असे काही हवे होते, आणि मोजता येते ती उंची, तोंडाची लांबी, कानाची ठेवण. रात्री झोपत नाही हा गुण प्रदर्शनाच्या मांडवात दुपारी दोन वाजता कसा मोजणार?

बुलडॉगचे काय झाले ते पाहावे. बैलाशी झुंजवण्यासाठी तो पैदा केलेला. १८३५ मध्ये कायद्याने झुंजी बंद पडल्या आणि तो बेकार झाला. बंजाऱ्याच्या कुत्र्यासारखाच. फरक इतका की बुलडॉगला क्लब मिळाला. त्याचे डोके मोठे, नाक आत, पाय आखूड असे करत करत हौशी लोकांनी त्याला इतके चित्रासारखे बनवले की धड श्वास घेणे त्याला जड जाऊ लागले. मला विचाराल तर या दोन बेकारांपैकी कोणाचे नशीब बरे, हे मी सांगू शकणार नाही. एक नाहीसा होत गेला, दुसरा घोरत राहिला.

पोमेरेनियनची गोष्ट त्यामानाने गमतीची. १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने इटलीत फ्लॉरेन्सला काही लहान चणीचे पोमेरेनियन पाहिले आणि घरी आणले. राणीला लहान आवडतो म्हटल्यावर साऱ्या देशाला लहान आवडू लागला आणि एके काळी चांगला थोराड असलेला हा कुत्रा तीस वर्षांत मांडीवर मावण्याएवढा झाला. राणी १९०१ च्या जानेवारीत गेली तेव्हा तुरी नावाचा तिचा पोमेरेनियन तिच्या बिछान्यावर होता. आपल्या तालुक्याच्या गावांत ज्या पांढऱ्या झुबकेदार कुत्र्याला सगळे ‘पामेरियन’ म्हणतात तो खरे तर इंडियन स्पिट्झ. ‘हम आपके हैं कौन’ मधल्या टफीने त्याला १९९४ नंतर घराघरात नेले. पण पांढरा, लहान, झुबकेदार कुत्रा म्हणजे प्रतिष्ठित घराची खूण, ही आवड मुंबईच्या सिनेमाने निर्माण केलेली नाही. ती विंडसरहून आलेली आहे.

याच काळात कुत्र्याभोवती बाजार उभा राहिला. जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन वीजरोधक सळ्या विकायला इंग्लंडात आला, बंदरावर जहाजातले कडक बिस्किट चघळणारी कुत्री त्याने पाहिली आणि कुत्र्यांचे बिस्किट काढले, असे सांगतात. त्याच्या कंपनीत नोकरीला लागलेल्या चार्ल्स क्रफ्ट या पोराने पुढे १८९१ मध्ये स्वतःच्या नावाचे प्रदर्शन सुरू केले. ते अजून भरते. दुसऱ्या बाजूला बॅटरसीचे बेवारशी कुत्र्यांचे आश्रयस्थान होते. मेरी टील्बी या बाईंनी ते १८६० मध्ये हॉलोवेला काढले आणि १८७१ मध्ये ते बॅटरसीला हलले. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती तर इतकी होती की, १८९७ पासून मुसके बांधण्याचे हुकूम देशभर कडकपणे राबवले गेले. परदेशातून येणारा प्रत्येक कुत्रा अलग ठेवू लागले आणि १९०२ पर्यंत इंग्लंडातून हा रोग हद्दपार झाला. लोक चिडले, अर्ज केले, पण मुसकी बांधली. आपल्याकडच्या वाचकाने या प्रकरणावर जरा थांबावे. तो रोग अजून आपल्या गल्लीत आहे.

आणि सीझर. सातव्या एडवर्डचा हा फॉक्स टेरियर. त्याच्या गळपट्ट्यावर आपण राजाचे असल्याचे कोरलेले होते. मे १९१० मध्ये राजाची अंत्ययात्रा निघाली तेव्हा शवपेटीमागे सीझर चालला आणि त्याच्या मागे नऊ देशांचे राजे. जर्मनीचा कैसर कुत्र्याच्या मागे चालतो आहे, हे दृश्य युरोपने पाहिले. मी या प्रसंगावर पुस्तकात चार पानेही खर्च केलेली नाहीत, कारण त्यावर लिहिणारे इंग्रजीत पुष्कळ झाले.

साम्राज्याचे कुत्र्याशी नाते कसे होते ते दुसऱ्या एका कुत्रीवरून कळते. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हा सापडलेली एक पेकिनीज कुत्री राणीला भेट दिली गेली. तिचे नाव ‘लूटी’ ठेवले. लपवाछपवी नाही, संकोच नाही. पुढे तिबेटातले, अफगाणिस्तानातले, अरबस्तानातले कुत्रे असेच एकेक करून लंडनच्या मांडवात उभे राहिले. १९०७ मध्ये कॅप्टन बार्फने नेलेला झार्डिन हा कुत्रा क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात गाजला आणि अफगाण हाउंड कसा दिसावा याचे माप त्याच्यावरून घेतले गेले. तो कुत्रा हिंदुस्थानमार्गे गेला होता. बंजाऱ्याचा कुत्रा त्याच वाटेवर राहत असूनही गेला नाही. कोणी सरदार त्याच्या पाठीशी नव्हता, आणि तांडा आपला कुत्रा सहसा विकत नसे.

मग साहेबाचा कुत्रा इकडे आला. वऱ्हाडात गोरे लोक थोडेच: डेप्युटी कमिशनर, पोलीस, जंगल खात्याचा अधिकारी, कापसाच्या कंपन्यांचे गुमास्ते. थंडीत साहेबाचा तळ गावोगाव फिरे. तंबू, टेबल, कागदांच्या पेट्या, घोडी, आणि दोनचार फॉक्स टेरियर. बिबट्याला कुत्र्याचे मांस फार प्रिय, त्यामुळे तंबूच्या दारातून कुत्रा उचलून नेल्याच्या कथा त्या काळच्या शिकारी पुस्तकांत पानोपानी आहेत. काटेरी गळपट्टे वापरत. आपले धनगर लांडग्यासाठी तेच वापरत आले, पण साहेबाने ते धनगराकडून घेतले की घरून आणले, या वादात मी पडत नाही. विलायती कुत्र्यांना इथली हवा सोसत नसे. गोचीड, कावीळ, डिस्टेंपर आणि उन्हाळा यांनी ते भराभर मरत. १८९५ मध्ये व्हीरो शॉ आणि कॅप्टन हेज यांनी उष्ण प्रदेशात कोणते कुत्रे नेता येतात यावर अख्खे पुस्तकच लिहिले. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन मेमसाहेबांचे हिंदुस्थानात घर कसे चालवावे हे सांगणारे गाजलेले पुस्तक १८८८ च्या सुमारास निघाले. त्यात खानसामा, गायी, कोंबड्या यांच्या जोडीला कुत्र्यांचीही व्यवस्था आहे.

त्या व्यवस्थेत कुत्र्याला हात कोण लावणार? बंगल्यातला खानसामा लावणार नाही, बेअरा लावणार नाही. कुत्र्यांचे खाणे, नाहाणे, फिरवणे मेहतराकडे. साहेबाच्या कुत्र्याला गादी, मेहतराला व्हरांड्याची पायरीसुद्धा नाही. इंग्रजांनी ही रीत निर्माण केली नाही. ती त्यांना तयार मिळाली आणि सोयीची वाटली. त्या काळच्या बंगल्यांच्या फोटोंत मध्ये साहेब, मेमसाहेब, पुढे कुत्रा आणि कडेला साखळी धरून उभा असलेला एक माणूस दिसतो. फोटोखाली पुष्कळदा कुत्र्याचे नाव असते, माणसाचे नसते. या पुस्तकात असे फोटो जिथे छापले आहेत तिथे मी मुद्दाम ओळीत पहिला उल्लेख त्या माणसाचा केला आहे, नाव नसले तरी.

वहीकडे परत येतो, कारण माझे मुख्य म्हणणे तिथे आहे. लंडनमध्ये कुत्र्यांची वही १८७४ ची. वऱ्हाडात माणसांची पहिली शिरगणती नोव्हेंबर १८६७ मध्ये झाली. १८७० मध्ये आल्फ्रेड लायलने वऱ्हाडचे गॅझेटियर काढले. बंजाऱ्यांवरचा पहिला मोठा वृत्तांत लिहिला तो वऱ्हाड पोलिसांतल्या कंबरलेज या अधिकाऱ्याने. तो १८६९ च्या सुमाराचा मानतात आणि १८८२ मध्ये पुन्हा छापला गेला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढच्या काही दशकांत निरनिराळ्या प्रांतांत पारधी, बंजारा आणि इतर कितीतरी भटक्या लोकांची नावे पोलिसांच्या रजिस्टरात चढली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकला. एकाच पिढीतले, एकाच शिक्षणाचे इंग्रज एकीकडे कुत्र्याचे रक्त शुद्ध आहे का ते वहीत पाहत होते आणि दुसरीकडे माणसाचे रक्त गुन्हेगार आहे का ते वहीत लिहीत होते. दोन्हीकडे समज एकच: जन्म ठाऊक असला की स्वभाव ठाऊक झाला. बंजाऱ्याचा कुत्रा वहीत गेला नाही म्हणून संपत गेला, आणि त्याचा मालक वहीत गेला म्हणून तीन पिढ्या पोलीस ठाण्याच्या खेपा घालत राहिला.

हे म्हणणे कोणाला ओढूनताणून वाटेल. त्यांनी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांतले बंजाऱ्यांवरचे प्रकरण उघडावे. तिथे बंजाऱ्याच्या कुत्र्याला वेगळी जागा आहे, आणि एक गोष्ट आहे. एका बंजाऱ्याला पैशांची नड लागली. गहाण ठेवायला काही नव्हते, म्हणून त्याने आपला कुत्रा सावकाराकडे ठेवला. सावकाराच्या घरी चोरी झाली. कुत्र्याने चोरांचा माग काढून ठेवला आणि सावकाराला ओढत नेऊन सगळा माल दाखवला. सावकार खूश झाला. कर्ज फिटल्याचे त्याने एका चिठ्ठीवर लिहिले, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडून दिले. कुत्रा धावत तांड्यावर आला. बंजाऱ्याने त्याला लांबून पाहिले, वाटले की हा इमान सोडून पळून आला, आपली पत गेली. आणि त्याने त्याला तिथेच मारले. चिठ्ठी नंतर दिसली. मग त्याने कुत्र्यासाठी देऊळ बांधले.

ते देऊळ छत्तीसगडात बालोदजवळ आहे, कुकुरदेव म्हणतात. जाणकार ते मुळात शिवाचे आणि पुष्कळ जुने मानतात, पण गाभाऱ्याजवळ कुत्र्याची मूर्ती आहे आणि लोक तिला हात जोडतात. मंडल्याकडच्या कुक्कुरामठाबद्दलही हीच कथा सांगतात. बालोद तेव्हा दुर्ग जिल्ह्यात, दुर्ग मध्य प्रांतात, आणि वऱ्हाडही त्याच प्रांताला जोडलेला. म्हणजे हे सगळे एकाच सरकारी कपाटातले कागद. पुसदकडच्या तांड्यांतही ही गोष्ट सांगतात, थोड्याफार फरकाने. इतर मुलखांत इमानी कुत्र्याच्या कथांत साप असतो, पाळण्यातले मूल असते. इथे सावकार आहे, गहाणखत आहे आणि चिठ्ठी आहे. कर्जाच्या कागदाने ज्या मुलखाचे आयुष्य ठरते, त्या मुलखाने आपल्या कुत्र्याची कथाही कर्जाच्या कागदावरच बेतली.

सगळेच देशी कुत्रे बेवारशी राहिले असे नाही. मुधोळचे घोरपडे हे मराठा संस्थानिक. या घराण्यातल्या मालोजीराव राजांनी आसपासच्या गावांतले सडपातळ शिकारी कुत्रे हेरून त्यांची जाणीवपूर्वक पैदास केली आणि एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली, अशी तिथली सांगी आहे. कुत्र्याला राजाश्रय मिळाला आणि संस्थानाचे नावही मिळाले. २००५ च्या जानेवारीत टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली: हिमालयन मेंढपाळ कुत्रा, रामपूर, राजापालयम आणि मुधोळ. चारांपैकी दोघांच्या नावात संस्थान आहे. तांड्याला संस्थान नव्हते. मी मुधोळकडच्या लोकांचा हेवा करत नाही, पण आमच्याकडे असा एखादा लहरी राजा असता तर बरे झाले असते, असे लिहिताना अनेकदा वाटले. शहाणा प्रशासक कुत्र्यांना वाचवत नाही. त्याला दुसरी कामे असतात.

एक प्रकरण रानकुत्र्यावर आहे. ते पाळीव कुत्र्यांच्या पुस्तकात का, असा आक्षेप येईल. कर्नल साइक्सने १८३१ मध्ये दख्खनच्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि मराठी मुलखात त्याला कोळसून म्हणतात हेही नोंदवले. किपलिंगने १८९५ मध्ये याच कोळसुनांच्या टोळीला दख्खनेतून सिवनीच्या जंगलात मोगलीवर धाडले आणि साऱ्या जगाला त्यांची दहशत बसवली. किपलिंग मुंबईत जन्मला, सिवनीला बहुधा गेला नाही; रॉबर्ट स्टर्नडेलच्या १८७७ च्या पुस्तकावरून त्याने रान उभे केले, असे मानतात. ज्या सरकारात साहेबाच्या टेरियरला डॉक्टर होता, त्याच सरकारात कोळसून मारून आणणाऱ्याला इनाम होते. तो सावज जिवंत फाडतो, म्हणजे क्रूर आहे, खिलाडू नाही, असा शिकाऱ्यांचा राग. पेनगंगेच्या आणि टिपेश्वरच्या रानांच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला त्या रागाचा अर्थ नीट समजावून सांगायला हवा होता, म्हणून हे प्रकरण ठेवले. ते न वाचता पुढे गेलात तरी चालेल.

पिसाळलेल्या कुत्र्याचे प्रकरण मात्र टाळू नका. पाश्चरने जुलै १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचली. हिंदुस्थानातले साहेब त्यानंतर काही वर्षे कुत्रा चावला की पॅरिसला धावत. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था निघाली, १९०७ मध्ये कुन्नूरला. पुसदच्या शेतकऱ्याला कुत्रा चावला तर त्याने काय करायचे? बैलगाडीने अकोला गाठायचे, तिथून रेल्वे, आणि पुढे हिमालयाचा पायथा. बहुतेकांनी देवऋषी गाठला. त्यांना अडाणी म्हणण्याआधी नकाशावर पुसद ते कसौली अंतर मोजावे. मुंबईत परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ १८८० च्या दशकात सुरू झाले होते आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालयही निघाले. बिनचूक, सुंदर काम. पण तेही रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला.

वाचनाच्या सोयीसाठी दोनतीन गोष्टी. कुत्र्यांच्या जातींची नावे मी जशी आपल्याकडे बोलतात तशी ठेवली आहेत. अल्सेशियन हा शब्द महायुद्धानंतरचा असला तरी वाचकाला जर्मन शेफर्ड म्हटल्याने जास्त कळेल असे वाटले नाही, म्हणून दोन्ही येतील. हा कुत्रा १८९९ मध्ये माक्स फोन स्टेफानित्स या घोडदळाच्या कॅप्टनने वहीत घातला, त्यामुळे तो आपल्या काळात बसतो. तांड्यातल्या शब्दांना तळटीपा नाहीत. ओळीतून अर्थ लागावा असा प्रयत्न केला आहे. कुत्र्यांची नावे हा एक वेगळा मजेचा विषय आहे. आपल्या खेड्यात आजही मोत्याच्या शेजारी टॉमी, वाघ्याच्या शेजारी टायगर आणि काळ्याच्या शेजारी जॅकी झोपलेला असतो. साहेब गेला, त्याचा कुत्राही गेला. नावे इथेच राहिली आणि ती गावठी कुत्र्यांनी घेतली. त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहायचा मोह मी आवरला आहे.

पुस्तक १९१४ ला थांबते. त्यानंतर इंग्लंडात अन्नाचा तुटवडा पडला, प्रदर्शने बंद झाली, आणि कर्नल रिचर्डसनने १९१७ मध्ये सैन्यासाठी कुत्र्यांची शाळा काढली, तेव्हा त्याला वंशावळ नको होती. बॅटरसीच्या आश्रयस्थानातले बेवारशी कुत्रे त्याने भरती करून घेतले, आणि ते खंदकांतून निरोप पोचवायला शिकले. त्यांच्यावर वेगळे पुस्तक व्हायला हवे, आणि ते लिहिणाऱ्याला फ्रान्समधली कागदपत्रे पाहावी लागतील. माझी धाव यवतमाळ आणि नागपूरच्या दप्तरखान्यापर्यंतच.